हिरव्या पाटीवरचे पिवळे अक्षर

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातला एक तरुण मध्यंतरी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. शिक्षण बारावीपर्यंत. वडिलांची हयात ऊसतोडीत गेली. याने मात्र कोयता हातात घ्यायचा नाही असे ठरवले आणि शहरात वापरलेली एक जुनी पाच आसनी इलेक्ट्रिक गाडी कर्ज काढून विकत घेतली. मागचे आसन काढले की मोसंबीचे सात-आठ कॅरेट आत बसतात. गावात सगळे तिला ‘बॅटरीची व्हॅन’ म्हणतात. सकाळी भावाच्या आणि शेजाऱ्यांच्या शेतातला माल जालन्याच्या बाजारात नेतो, परतताना किराणा दुकानदारांचे सामान आणतो, आणि बाजाराच्या दिवशी आसन पुन्हा बसवून चार सीटही मारतो. धंदा बरा चालला होता. एके दिवशी तपासणी पथकाने अडवले आणि खाजगी गाडीने माल वाहिला म्हणून दंडाची पावती हातात दिली.

त्या तरुणाने आम्हाला एकच प्रश्न विचारला. “सर, बॅटरीच्या गाडीला परमिट लागत नाही असं सरकारनंच सांगितलंय. मग माझा गुन्हा काय?”

प्रश्न त्या एकट्याचा नाही. जालना, अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर असा कुठलाही तालुका घ्या. पेट्रोल-डिझेल परवडत नाही म्हणून बॅटरीच्या रिक्षा, बॅटरीचे टेम्पो आणि व्हॅन घेणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतील तरुणही आहेत. यातील किती जणांना आपली गाडी कायद्याच्या नजरेत खाजगी आहे की व्यावसायिक, हे नेमके ठाऊक आहे? गाडी विकणारा सांगत नाही, कर्ज देणारा सांगत नाही, एजंट तर उलटेच सांगतो. म्हणून हा विषय आज मुद्दाम सविस्तर मांडत आहोत.

कायदा काय म्हणतो?

बॅटरीवरच्या गाडीची पाटी हिरवी असते हे आता सर्वांना माहीत आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये हा नियम केला. मात्र त्या हिरव्या पाटीवर अक्षरे दोन रंगांची असतात, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पांढरे अक्षर म्हणजे खाजगी गाडी. पिवळे अक्षर म्हणजे वाहतुकीची, आपण ज्याला व्यावसायिक म्हणतो ती गाडी. त्या तरुणाच्या एम एच २१ च्या पाटीवर पांढरे अक्षर होते. दंडाची पावती त्या पांढऱ्या रंगामुळे फाडली गेली. बॅटरीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ‘व्यावसायिक वाहन’ अशी व्याख्या नाही. शब्द आहे ‘परिवहन वाहन’. भाडे घेऊन प्रवासी नेणारे वाहन, मालवाहू वाहन, शिक्षणसंस्थेची बस आणि धंद्याच्या कामासाठी माणसे नेणारे मोठे खाजगी सेवा वाहन, या चारांना मिळून कायदा परिवहन वाहन म्हणतो. गाडी पेट्रोलवर चालते, गॅसवर चालते की बॅटरीवर, याचा या व्याख्येशी संबंध नाही. इंजिन बदलले म्हणून गाडीची जात बदलत नाही. कायदा गाडीचा वापर पाहतो.

यातील मालवाहू वाहनाची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. केवळ माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी तर मालवाहू आहेच. पण जी गाडी त्यासाठी बांधलेली नाही, तीसुद्धा माल वाहत असताना मालवाहू ठरते. भाडे घेतले की नाही, माल स्वतःचा की दुसऱ्याचा, असा प्रश्न व्याख्येत विचारलेलाच नाही. प्रवाशाचे सामान, मोटारीतून नेलेल्या घरगुती चीजवस्तू यांना तेवढे वगळले आहे. म्हणजे आपल्याच शेतातली मोसंबी आपल्याच गाडीने विकायला नेली तरी शब्दशः कायद्याप्रमाणे ती गाडी त्या वेळी मालवाहू होते. ‘मी भाडे घेत नाही, मग माझी गाडी खाजगी’ हा आपल्याकडे सर्रास चालणारा समज मालाच्या बाबतीत चुकीचा आहे.

असे पूर्वी नव्हते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात खाजगी वाहक आणि सार्वजनिक वाहक असा भेद होता. स्वतःचा माल नेणारा वेगळा, लोकांचा माल भाड्याने नेणारा वेगळा. १९८८ च्या कायद्याने हा भेद काढून टाकला आणि सगळ्यांना एकाच ‘मालवाहू’ शब्दात घातले. शंभर ट्रकांचा मालक आणि सात कॅरेट मोसंबी नेणारा अल्पभूधारक एकाच रांगेत उभे राहिले. समान कायदा असमान माणसांना लावला की काय होते, हे या देशात आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

प्रवाशांच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. तिथे ‘भाडे किंवा मोबदला’ हा कळीचा शब्द. स्वतःच्या पाच आसनी गाडीत घरची माणसे, पाहुणे, मित्र नेले तर ती खाजगीच. सीटमागे पैसे घेतले की ती प्रवासी वाहतूक. आमच्या अनेक संस्था वसतिगृहे, शाळा, अभ्यासिका चालवतात. त्यांनीही लक्षात ठेवावे, की चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसे बसणारी शिक्षणसंस्थेची गाडी मुलांना ने-आण करत असेल, तर मुलांकडून एक रुपयाही न घेता ती परिवहन वाहनात मोडते. संस्था धर्मादाय आहे म्हणून गाडीची नोंदणी खाजगी ठेवता येत नाही.

सूट कशाला आणि कशाला नाही?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. परमिट लागत नाही हे त्याचे म्हणणे खोटे नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने १८ ऑक्टोबर २०१८ रोजी अधिसूचना काढून बॅटरीवर चालणाऱ्या परिवहन वाहनांना परमिटच्या अटीतून मोकळे केले. इथेनॉल आणि मिथेनॉलवरच्या गाड्यांनाही तीच सवलत दिली. त्याआधी २०१६ मध्ये ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांना अशी सूट मिळालेली होती. तीन टनांपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला तर, ती डिझेलची असली तरी, मूळ कायद्यातच परमिटची माफी आहे.

पण वाचकहो, अधिसूचनेतला शब्द नीट पाहा. सूट बॅटरीवरील ‘परिवहन वाहनांना’ आहे. म्हणजे आधी गाडी परिवहन वाहन आहे हे गृहीत धरले आहे, आणि मग तिला परमिट माफ केले आहे. गाडी व्यावसायिक नाही, असे सरकारने कुठेही म्हटलेले नाही. परिवहन वाहन म्हणून नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र म्हणजे फिटनेस, योग्य वर्गाचा विमा आणि चालकाचा परवाना, या चारही गोष्टी लागतातच. कायद्याचे कलम ५६ सांगते की फिटनेसशिवाय परिवहन वाहन वैध नोंदणी झालेले मानले जाणार नाही. पाच दरवाजांपैकी एक दरवाजा उघडला. एजंटांनी मात्र सगळी भिंतच पडली असे सांगून गाड्या विकल्या.

हा एक दरवाजा उघडला हेही लहान नाही, हे सांगितले पाहिजे. परमिट म्हणजे काय होते हे जुन्या रिक्षावाल्यांना विचारा. महाराष्ट्रात १९९७ पासून रिक्षा-टॅक्सीच्या नव्या परवान्यांवर मर्यादा घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. या वीस वर्षांत परमिट ही वस्तू विकत घ्यायची चीज बनली. ज्याच्याकडे बापाचे परमिट होते त्याला वारसा मिळाला. ज्याच्याकडे नव्हते तो दुसऱ्याची रिक्षा रोजाने घेऊन चालवत राहिला. जन्माने मिळणारा हक्क आणि जन्माने येणारी वंचना, ही व्यवस्था आपल्याला अनोळखी नाही. बॅटरीच्या गाडीने पहिल्यांदाच परमिटची ती वारसदारी मोडली. आज कोणाच्याही घरचा मुलगा परमिटसाठी कोणाच्या पाया न पडता प्रवासी किंवा माल वाहू शकतो. फक्त त्याने गाडी पिवळ्या अक्षरात नोंदवली पाहिजे.

अपघात झाल्यावर कळते

दंडाची पावती फाटली तर हजारांत भागते. खरा प्रश्न अपघाताच्या दिवशी उभा राहतो.

खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते. भाड्याने वापर आणि माल वाहणे, दोन्ही त्यात वगळलेले असतात. किरकोळ नमुने आणि स्वतःचे सामान एवढ्यापुरतीच मोकळीक असते. पॉलिसी इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते, म्हणून कोणी वाचत नाही. कॅरेट भरलेली पांढऱ्या अक्षराची गाडी उलटली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा पहिल्याच टेबलावर फेटाळला जातो. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

रस्त्यावरचा तिसरा माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृत पॉल सिंग खटल्यात परमिट नसलेल्या गाडीबद्दल जे तत्त्व लावले ते सर्वांनी समजून घ्यावे. परमिटशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणणे हा कायद्याचा मूलभूत भंग आहे. अशा वेळी विमा कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यावी आणि नंतर ती सगळी रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी. पीडिताला न्याय मिळाला, ते योग्यच झाले. पण वसुलीची नोटीस गाडीमालकाच्या दारात येते. बॅटरीच्या गाडीला परमिट माफ आहे, हे खरे. तरी वर्ग बदलून वापरलेली, फिटनेस नसलेली, पॉलिसीच्या अटीबाहेर चालवलेली गाडी विमा कंपनीच्या वकिलाच्या हाती आयतेच हत्यार देते. दहा-पंधरा लाखांची वसुली निघाली तर ज्याची शेती एक एकर आणि घर पत्र्याचे, त्याने काय विकावे?

याहून गंभीर गोष्ट मालवाहू गाडीत बसणाऱ्या माणसांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केले की मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत बसला असेल तर त्याला संरक्षण दिले. बाकीच्यांना नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला निघालेली कुटुंबे टेम्पोत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. कापूस वेचायला बायाबापड्या छोट्या हत्तीत उभ्या राहून जातात. लग्नाचे वऱ्हाड, मोर्चाला निघालेले कार्यकर्ते, जयंतीच्या मिरवणुकीला जाणारी पोरे, सगळे मालवाहू गाडीतच. गाडी बॅटरीची असो की डिझेलची, अपघात झाला तर या माणसांच्या वारसांना विमा कंपनीकडून भरपाई मिळवणे महाकठीण. जबाबदारी येते मालकावर, आणि मालक आपल्यासारखाच फाटका. आमची सर्व कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती आहे की सभेला, मोर्चाला माणसे नेताना मालवाहू गाडी वापरू नका. एसटी करा, प्रवासी नोंदणीची गाडी करा, चार पैसे जास्त जाऊ द्या. माणूस गेल्यावर शोकसभा घेऊन त्याच्या घरची चूल पेटत नाही.

आपली माणसे खाजगी नोंदणी का करतात?

आळशीपणाने करतात असे म्हणणारे म्हणोत. आम्ही तसे म्हणणार नाही. कार्यालयाची पायरी चढायची भीती पिढ्यांची आहे. खाजगी पासिंग एका दिवसात करून देतो, व्यावसायिक केली तर दरवर्षी खेटे घालावे लागतील, असे एजंट सांगतो आणि पोरगा घाबरतो. परवान्याची अडचणही खरी होती. परिवहन वाहन चालवायला आठवी पास असण्याची अट होती. गाडी उत्तम चालवता येते पण शाळा चौथीत सुटली, अशा हजारो हातांना त्या एका अटीने बाहेर ठेवले होते. ही अट २०१९ मध्ये रद्द झाली. हे किती वस्त्यांपर्यंत पोहोचले?

दुसरी अडचण वेगळ्या परवान्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगण खटल्यात निकाल दिला, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात टनांच्या आतील परिवहन वाहनही चालवू शकतो. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. या निकालावर शंका घेतली गेली, प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तोच निकाल कायम ठेवला. म्हणजे साध्या चारचाकीचा परवाना खिशात असलेला आपला तरुण बॅटरीची मालवाहू व्हॅन कायदेशीर चालवू शकतो. ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांची परवान्याची वाट तेवढी वेगळी आहे, ती त्यांनी कार्यालयात विचारून घ्यावी.

फिटनेसचा बाऊही फार केला जातो. नव्या परिवहन वाहनाला पहिली दोन वर्षे तपासणी लागत नाही. त्यानंतर आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. बॅटरीच्या गाडीला नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क ऑगस्ट २०२१ पासून माफ आहे. हा सगळा हिशेब कोणी कागदावर मांडून दाखवला, तर पांढऱ्या अक्षराचा मोह राहणार नाही.

अनुदान कोणाला, टोलमाफी कोणाला?

सरकारी सवलतींचा हिशेबही याच बाजूने बोलतो. केंद्राची फेम-२ योजना १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ चालली. तीत तीनचाकी आणि चारचाकीचे अनुदान व्यावसायिक नोंदणीच्या किंवा सार्वजनिक वाहतुकीच्या गाड्यांसाठी होते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने खाजगी चारचाकीला मूळ किमतीच्या १० टक्के, तर वाहतुकीच्या चारचाकीला आणि हलक्या मालवाहू गाड्यांना १५ टक्के सवलत ठरवली. तिला कमाल रकमेची आणि वाहनसंख्येची मर्यादा आहे. पण पिवळे अक्षर जास्त मोलाचे, हे सरकारनेच मान्य केले आहे.

आता दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेची तरतूद १० हजार ९०० कोटींची. तीत दुचाकी आहे, तीनचाकी आहे, बस आहे, रुग्णवाहिका आहे आणि साडेतीन टनांवरचे मोठे ट्रक आहेत. साडेतीन टनांच्या आतली छोटी चारचाकी मालवाहू गाडी, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो त्या जातीची, तीत नाही. मोठ्या कंपनीच्या ट्रकला अनुदान आणि एका घराचे पोट भरणाऱ्या व्हॅनला नाही. हा न्याय कोणता?

टोलचेही तसेच. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. रस्त्यासाठी जमिनी इथल्या गेल्या. २०२५ च्या राज्य धोरणाने समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तीन रस्त्यांवर इलेक्ट्रिक चारचाकी प्रवासी गाड्यांना आणि बसना टोलमाफी जाहीर केली. ऑगस्ट २०२५ मध्ये अंमल सुरू झाला. इलेक्ट्रिक मालवाहू गाड्या या माफीत नाहीत. म्हणजे पंचवीस लाखांच्या बॅटरीच्या मोटारीतून एकटा जाणारा साहेब फुकट जाणार, आणि त्याच रस्त्याने मोसंबी घेऊन जाणारी बॅटरीची व्हॅन टोल भरणार. दोघांच्याही गाडीतून धूर निघत नाही. मग पर्यावरणाचे बक्षीस एकालाच का?

कर्जाची गोष्ट तर विचारूच नका. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ मध्ये स्थापन झाले. त्याची बीजभांडवल योजना वर्षानुवर्षे ५० हजार ते ५ लाख रुपयांच्या प्रकल्पांपुरती राहिली. २० टक्के महामंडळ, ७५ टक्के बँक आणि ५ टक्के अर्जदार, अशी तिची रचना. स्टँड-अप इंडिया ही योजना ५ एप्रिल २०१६ रोजी आली ती १० लाखांपासून पुढच्या कर्जासाठी, आणि मार्च २०२५ मध्ये तिची मुदत संपली. चारचाकी बॅटरी व्हॅनची किंमत नेमकी ५ ते १० लाखांच्या मधल्या पट्ट्यात येते. एक योजना जिथे संपते आणि दुसरी जिथे सुरू होत होती, त्या दोन काठांच्या मधल्या खड्ड्यात आपला तरुण उभा आहे. मुद्रा कर्ज या पट्ट्यात बसते हे मान्य. पण त्यात अनुसूचित जातींसाठी राखीव काही नाही, आणि शाखाधिकाऱ्याच्या मर्जीचा उंबरठा तोच आहे.

विजेचा आणि लगामाचा धडा

बॅटरीची गाडी विजेवर चालते, आणि विजेचा विषय निघाला की आम्हाला १९४३ साल आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी मांडलेली भूमिका अशी होती, की या देशाच्या दारिद्र्याला उद्योगीकरण हा उपाय आहे आणि उद्योगीकरणासाठी वीज स्वस्त आणि मुबलक हवी. ती भूमिका आज व्हॅनवाल्या पोराच्या दारात येऊन उभी आहे. केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गाडीमालक आपल्या घरच्या किंवा कार्यालयाच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. पण खेड्यात रात्री भारनियमन असेल, वस्तीत दाब कमी असेल, तर पहाटे गाडी निघणार कशी? महावितरणने वस्त्यांच्या रोहित्रांचा विचार यापुढे केवळ दिव्यांपुरता करू नये.

आणि १९२९ चे चाळीसगाव तर आपल्यापैकी कोणी विसरू शकत नाही. बाबासाहेब तिथे उतरले. वस्ती दूर होती, टांगा करायचे ठरले. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. अखेर वस्तीतल्याच एकाने लगाम हाती धरला. तो प्रेमाने पुढे आला होता, पण टांगा हाकण्याचा सराव त्याला नव्हता. पुलावर चाक अडकले, घोडा उधळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या प्रसंगाचा एक अर्थ आपण नेहमी सांगतो, की लगाम दुसऱ्याच्या हाती असेल तर तो आपल्याला नाकारू शकतो. तो अर्थ खराच आहे. पण दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. लगाम आपल्या हाती आला, एवढ्याने भागत नाही. तो धरण्याची तयारी लागते. पूर्वी ती तयारी घोड्याची आणि चाकाची होती. आज ती नोंदणीची, परवान्याची, विम्याची आणि फिटनेसची आहे. गाडी आपली, चालक आपला आणि कागद मात्र चुकीचे, असे झाले तर पहिल्याच पुलावर चाक अडकणार.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जालन्याच्या परिवहन कार्यालयाने बॅटरीच्या गाडीला काय लागते आणि काय लागत नाही, हे मराठीत मोठ्या अक्षरांत दारावर लावावे. गाडी विकणाऱ्याने वापर विचारून, लेखी घेऊनच नोंदणीचा अर्ज भरावा. महामंडळाने बीजभांडवलाची मर्यादा व्हॅनच्या आजच्या किमतीला पुरेल इतकी करावी. राज्याने समृद्धीवरची टोलमाफी छोट्या इलेक्ट्रिक मालवाहू गाड्यांना द्यावी, केंद्राने अनुदानात त्यांना जागा द्यावी. आणि स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्या एकाच छोट्या गाडीने नेणाऱ्यासाठी १९३९ च्या कायद्यात असलेला वेगळा विचार नव्या रूपात परत आणावा. तोपर्यंत पहिल्या वेळी दंडाऐवजी नोंदणी बदलून घेण्याची मुदत द्यावी.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आपल्या हाती आहे ते आपण आजच केले पाहिजे. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी एका रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात वस्तीतल्या गाडीवाल्यांना बोलवावे. प्रत्येकाची पॉलिसी काढून वाचावी, पाटीवरच्या अक्षराचा रंग पाहावा, आणि कोणाचे काय दुरुस्त करायचे त्याची यादी करावी. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा या कामाला गेला तर कोणाचे बिघडणार नाही.

त्या तरुणाला आम्ही सांगितले, “बाबा, परमिट माफ आहे, पण गाडी व्यावसायिकच आहे. जुन्या गाडीचे आसन काढून माल वाहणे बंद कर. ही विकून मालवाहू घ्यायची की हीच रीतसर प्रवासी वाहतुकीला बदलता येते, ते कार्यालयात लेखी विचार. एजंटाला विचारू नकोस.” त्याने आमच्याच टेबलावर अर्ज लिहिला. त्याचे अक्षर सुंदर आहे. दुसऱ्या दिवशी तो अर्ज देऊन आला आणि पोच घेऊन आला. पोचेवरचा शिक्का दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर जे होते, ते दंडाच्या पावतीच्या दिवशी नव्हते.

पिवळ्या अक्षराला घाबरू नका, बांधवांनो. ते अक्षर म्हणजे आपण राजरोस धंदा करतो याची खूण आहे. चोरून धंदा करण्याचे दिवस आपल्यावर लादले गेले होते, ते आता आपण होऊन लांबवू नयेत.